भिडूची गोळी आणि समीक्षकांचे गुण

मार्च 2015 मध्ये 'हेलडायव्हर्स' नावाचा गेम प्लेस्टेशन या सोनीच्या गेम-यंत्रावर आला. चार सैनिक, परका ग्रह, अंगावर धावून येणारे किडे, आणि हे सगळं थेट वरून दिसणारं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याच्या प्लेस्टेशन 4 आवृत्तीला 100 पैकी 83 गुण आहेत. आकडा चांगला आहे, पण त्यावरून गेमबद्दल फारसं काही कळत नाही. समीक्षकांनी त्याच्याबद्दल जे लिहिलं, त्यात कौतुक आणि तक्रार बऱ्याचदा एकाच गोष्टीची होती. आपल्याच भिडूची गोळी आपल्याला लागते, यात एकाला धमाल वाटली तर दुसऱ्याला वैताग. चौघांना एकाच पडद्यात कोंबणारा कॅमेरा एकाला टोळी एकत्र ठेवणारा वाटला, दुसऱ्याला पायात घातलेला खोडा.

मग 83 हे नेमके कशाचे गुण? वरून दिसणाऱ्या, मिळून खेळायच्या, गोळीबाराच्या विज्ञानकथा-गेम्सची समीक्षा वाचायची असेल, तर हा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: अशा गेमच्या परीक्षणात अर्धा भाग गेमचा असतो आणि अर्धा भाग समीक्षकाच्या सोबत्यांचा. कोणत्या ओळीत कोण बोलतंय, हे ओळखता आलं पाहिजे.

आधी गेम काय आहे ते पाहू. 'हेलडायव्हर्स' स्वीडनमधल्या ॲरोहेड या स्टुडिओने बनवला आणि सोनीने प्रकाशित केला. ॲरोहेड 2008 साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेला स्टुडिओ. त्यांचं नाव झालं ते 2011 च्या 'मॅजिका'मुळे. त्यातही चार खेळाडू, त्यातही वरचा कॅमेरा, आणि त्यातही आपला मंत्र आपल्याच माणसावर फुटायचा. म्हणजे भिडूला भिडूकडून मारवणं ही या मंडळींची जुनी खोड. 2014 मध्ये त्यांनी 'गॉन्टलेट' या 1985 च्या गाजलेल्या आर्केड गेमची नवी आवृत्तीही केली. चार माणसं एका पडद्यावर आणून एकमेकांच्या पायात पाय घालायला लावायची, ही कल्पना मूळ 'गॉन्टलेट'पासूनचीच. एका काडीने (जॉयस्टिकने) चालायचं आणि दुसरीने नेम धरायचा, ही पद्धत तर आणखी जुनी, 1982 च्या 'रोबोट्रॉन 2084'मधली.

'हेलडायव्हर्स'मध्ये तुम्ही 'सुपर अर्थ' नावाच्या पृथ्वी-सरकारचे सैनिक असता. हे सरकार लोकशाहीच्या नावाने आकाशगंगेत सगळीकडे बॉम्ब टाकत सुटलेलं असतं, आणि गेम अतिशय गंभीर चेहरा ठेवून त्याची टिंगल करत असतो. शत्रू तीन: किडे, सायबॉर्ग आणि तंत्रज्ञानात पुढे गेलेले 'इल्युमिनेट'. मोहीम छोटी असते. ग्रहावर उतरायचं, दिलेली कामं उरकायची, यानाला बोलावणं धाडायचं आणि ते येईपर्यंत जिवंत राहायचं. ऐकायला सरळ वाटतं. गंमत बारकाव्यांत आहे.

मेलेल्या साथीदाराला परत बोलवायचं तर दिशांच्या बटणांवर एक कळ, म्हणजे बटणांचा ठरलेला क्रम, दाबावी लागते: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. दारूगोळा हवा तर खाली, खाली, वर, उजवीकडे. तोफ, रणगाडा, विमानहल्ला, प्रत्येकाची कळ वेगळी. ती दाबत असताना हात बंदुकीवर नसतो आणि समोर किडे थांबत नाहीत. घाईत एक बटण चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कळ बरोबर लागली की हातात एक दिवा येतो, तो फेकायचा, आणि थोड्या वेळाने आकाशातून त्या जागी मागवलेली वस्तू आदळते. मागवलेला माणूसही असाच आदळतो. त्या जागी कोणी उभं असेल तर त्याचा चेंदामेंदा होतो. तो तुमचाच भिडू असला तरी गेमला काही पडलेली नसते. परतीचं यानसुद्धा खाली कोण उभं आहे ते बघत नाही.

बंदुकीचंही तसंच. अर्धी मॅगझिन उरलेली असताना सवयीने नवी भरलीत, तर उरलेल्या गोळ्या गेल्या. गोळी सरळ रेषेत जाते आणि मध्ये जो येईल त्याला लागते. चौघांपैकी एकजण मागे वळून पळत तुमच्यासमोरून गेला की संपलं. काही जड हत्यारांचा दारूगोळा पाठीवरच्या पिशवीत असतो आणि ती पिशवी दुसऱ्याने घेऊन शेजारी उभं राहिलं तर हत्यार झटपट भरलं जातं. थोडक्यात, गेमचं प्रत्येक कलम असं लिहिलेलं आहे की शेजारच्या माणसाकडे लक्ष दिल्यावाचून गत्यंतर नाही.

आता समीक्षकाच्या खुर्चीत बसून बघा. तुम्हाला या गेमबद्दल हजारभर शब्द लिहायचे आहेत आणि खाली एक आकडा टाकायचा आहे. तुमच्यासोबत तीन जुने मित्र असतील, सगळ्यांच्या कानात हेडफोन असतील आणि रात्र मोकळी असेल, तर भिडूने चुकून टाकलेल्या बॉम्बवर तुम्ही पोट धरून हसाल. तेच तुम्ही प्रकाशनापूर्वी, जेमतेम भरलेल्या सर्व्हरवर, तीन अनोळखी माणसांसोबत, कोणीही काही न बोलता खेळलात, तर तोच बॉम्ब म्हणजे 'खेळाडूच्या हाताबाहेरचं अपयश'. गेम तोच. मेंढीकोटाचा डाव कसा झाला असं विचारलं तर माणूस पत्त्यांबद्दल कमी आणि भिडूबद्दल जास्त बोलतो, तशातली ही गत.

चांगले समीक्षक हे स्वतः सांगतात. एकट्याने खेळलो तेव्हा असं वाटलं, मित्रांसोबत असं, अनोळखी लोकांसोबत असं, हे वेगवेगळं मांडतात. 'हेलडायव्हर्स'च्या बाबतीत साधारण एकमत झालं तेही याच मुद्द्यावर: गेम एकट्याने खेळता येतो, पण तो एकट्यासाठी नाही. तक्रारींमध्ये पुनरावृत्तीही होती. ग्रह बदलतात, कामं फिरून फिरून तीच येतात. ही तक्रार मला रास्त वाटते. पण तिच्यातही भिडूचा वाटा आहे. तीच मोहीम विसाव्यांदा खेळताना कंटाळा येतो की नाही, ते सोबत कोण आहे यावर ठरतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या प्रकारच्या गेम्सची समीक्षा बहुतेक वेळा तिथेच अडखळते.

वरून दिसणाऱ्या गेममध्ये खेळाडूला स्वतःच्या पात्राला दिसू शकत नाहीत अशाही गोष्टी दिसतात: मागून येणारा किडा, भिंतीपलीकडची वाट, साथीदार कुठे उभा आहे ते. त्यामुळे डावपेच आखता येतात. गोळीच्या रेषेत कोण आहे हे बघून ट्रिगर सोडता येतो, म्हणूनच भिडूला गोळी लागण्याचा नियम इथे न्याय्य ठरतो. डोळ्यांच्या उंचीवरून खेळायच्या गेममध्ये पाठीमागून धावत येणारा मित्र दिसतच नाही. इथे तो दिसत असतो, तरी तुम्ही त्याला मारता. मग दोष कोणाचा, हे सगळ्यांना माहीत असतं. हसू येतं ते त्यामुळेच.

याची किंमतही आहे. क्षितिज दिसत नाही. अजस्र शत्रूही पडद्यावर वीतभरच असतो, त्यामुळे त्याची भीती वाटायला कल्पनाशक्ती लावावी लागते. स्वतःचं पात्र ओळखू येईनासं होतं. चार सारख्या शिरस्त्राणांतला मी कोणता, हे शोधण्यात मेलेल्यांची संख्या मोठी आहे. 'हेलडायव्हर्स'ने यात आणखी एक अट घातली: चौघं एकाच पडद्यात. चौघं एका सोफ्यावर असतील तर ते समजण्यासारखं आहे, कारण टीव्हीच एक आहे. पण चौघं चार गावांत आपापल्या टीव्हीसमोर असले तरी पडदा सगळ्यांना एकच. एकजण मागे रेंगाळला की पुढच्याची वाट अडते.

काही समीक्षकांना ही जुनाट तांत्रिक मर्यादा वाटली. मला ती जाणूनबुजून लावलेली कात्री वाटते. प्रत्येकाला स्वतंत्र कॅमेरा दिला असता तर चौघं चार दिशांना पांगले असते, आणि मग कळा चुकणं, दिवा पायाशी पडणं, एकमेकांच्या गोळीत येणं, यातलं काहीच घडलं नसतं. गेमचा जीव त्या गर्दीत आहे. तरीही ज्याचा एक साथीदार सतत भलतीकडे भटकतो, त्याला हे तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. त्याने खटकलं असं लिहिलं तर ते चूक म्हणता येत नाही.

'हेलडायव्हर्स'चा खरा वेगळेपणा कळतो तो त्याच्या आधीच्या एका गेमशेजारी ठेवल्यावर. 19 जुलै 2010 रोजी व्हॉल्व्ह या कंपनीने 'एलियन स्वॉर्म' चक्क फुकट दिला. मुळात तो 2004 मध्ये 'अनरियल टूर्नामेंट 2004' या गेमवर हौशी मंडळींनी चढवलेला एक बदल, म्हणजे मॉड होता. व्हॉल्व्हने त्या मंडळींना नोकरीवर घेतलं आणि त्यांनी तो व्हॉल्व्हच्या इंजिनावर, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरच्या सांगाड्यावर उभा राहतो त्यावर, नव्याने केला. वरचा कॅमेरा, चार खेळाडू, परग्रहावरची वसाहत, झुंडीने येणारे प्राणी. चार प्रकारचे सैनिक: अधिकारी, जड हत्यारवाला, वैद्य आणि तंत्रज्ञ. मोहीम मात्र एकच.

इथेही भिडूची गोळी लागते. पण एक मोठा फरक आहे: इथे मेलेला माणूस त्या टप्प्यात परत येत नाही. तो बाकीच्यांचा खेळ बघत बसतो. शिवाय काही दारं फक्त तंत्रज्ञालाच उघडता येतात. तो मेला की सगळ्यांचाच टप्पा बुडाला. आता एकाच नियमाचे दोन गेममधले परिणाम बघा. 'एलियन स्वॉर्म'मध्ये भिडूच्या चुकीची किंमत जास्त, त्यामुळे लोक हळू, सावध, एकमेकांच्या कडेने चालतात. दार वेल्ड करून बंद करतात, कोपऱ्यात पहारा देतात. चूक झाली तर शांतता पसरते. 'हेलडायव्हर्स'मध्ये मेलेला माणूस पाच बटणांत परत येतो, त्यामुळे चूक झाली तर आरडाओरडा होतो आणि खेळ पुढे जातो. चौघंही एकदम मेले तरच पंचाईत. स्वस्त मरण आणि महाग मरण, एवढ्या एका निर्णयाने एक गेम विनोदी झाला आणि दुसरा तणावाचा. समीक्षेत 'फ्रेंडली फायर आहे' (म्हणजे भिडूची गोळी लागते) एवढंच वाचून आपल्याला यातलं काहीच कळत नाही.

'एलियन स्वॉर्म'ला मेटाक्रिटिकवर 77 आहेत. त्याच्यावरचा मुख्य आक्षेप होता की मोहीम एकच आहे, लवकर संपते. आणि इथे समीक्षकांची वेगळीच अडचण झाली. फुकटच्या गेमला 'लहान आहे' म्हणायचं का? काहींच्या लेखी किंमत हा गुणाचा भाग. फुकट एवढं चांगलं मिळतंय तर तक्रार कसली. काहींच्या लेखी गुण गेमला द्यायचे, पावतीला नाही. दोन्ही बाजूंना आपापला तर्क आहे. त्यात व्हॉल्व्हने गेमसोबत नवे टप्पे बनवायची हत्यारं आणि गेमचा कोडही दिला होता, म्हणजे पुढचं खेळाडूंनीच वाढवावं असा हिशेब. तसं झालंही. 2017 मध्ये चाहत्यांनी वाढवलेली 'एलियन स्वॉर्म: रिॲक्टिव्ह ड्रॉप' ही आवृत्ती वेगळा गेम म्हणून, पुन्हा फुकटच, बाहेर पडली, आणि लहान असल्याची तक्रार बऱ्यापैकी निकालात निघाली. 77 मात्र 2010 मध्ये होते तिथेच आहेत.

आकडे जागचे का हलत नाहीत, हे समजायला ते बनतात कसे ते पाहावं लागेल.

मेटाक्रिटिक 2001 मध्ये सुरू झालं. ते स्वतः परीक्षण लिहीत नाही, दुसऱ्यांची गोळा करतं. कोणी दहापैकी देतो, कोणी पाच तारे, कोणी अ-ब-क. हे सगळं शंभरात बसवलं जातं. आकडाच न देणाऱ्याच्या लेखाकडे बघून सिनेमांच्या बाबतीत मेटाक्रिटिकचे लोक अंदाजाने आकडा लावतात, गेम्सच्या बाबतीत तो लेख सरासरीत धरत नाहीत. मग सरासरी काढली जाते, पण साधी नाही. काही प्रकाशनांना जास्त वजन, काहींना कमी. कोणाला किती वजन, हे ते सांगत नाहीत. किमान चार परीक्षणं झाल्याशिवाय आकडा निघत नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी यांचे आकडे वेगवेगळे. गेम्समध्ये 90 च्या पुढे सर्वमान्य कौतुक, 75 ते 89 साधारण अनुकूल, 50 ते 74 संमिश्र असे गट पाडलेले आहेत. सिनेमांसाठी मात्र तेच मेटाक्रिटिक 61 पासूनच 'अनुकूल' धरतं. म्हणजे 65 मिळालेला सिनेमा हिरव्या चौकटीत दिसतो आणि 70 मिळालेला गेम पिवळ्या. गेम-समीक्षेत आकडे फुगलेले असतात, हे संकेतस्थळाने असं नियमातच मान्य करून टाकलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समीक्षकाने पुढे मत बदलून गुण बदलले तरी मेटाक्रिटिक पहिलेच धरतं. हेतू चांगला होता: प्रकाशकांनी दबाव आणून गुण वाढवून घेऊ नयेत. दबाव येतो हे खरंच आहे, कारण या आकड्यावर लोकांचे पगार अडकलेले असतात. 2010 च्या 'फॉलआउट: न्यू वेगास'चं उदाहरण प्रसिद्ध आहे. मेटाक्रिटिकवर 85 मिळाले तर बोनस, असं ठरलं होतं, गेमला 84 मिळाले, आणि ऑब्सिडियन या स्टुडिओचा बोनस एका गुणाने हुकला. 2012 मध्ये हे बाहेर आलं.

पण या नियमाने मिळून खेळायच्या गेमची पंचाईत होते. असा गेम पहिल्या दिवशी पुरता तयारच नसतो. 'हेलडायव्हर्स'मध्ये एक 'आकाशगंगेचं युद्ध' चालतं. जगभरातल्या सगळ्या खेळाडूंच्या मोहिमांचे गुण एकत्र होतात, त्यावरून आघाडी पुढे-मागे सरकते, शत्रूच्या मूळ ग्रहावर चढाई होते, युद्ध जिंकलं किंवा हरलं की नवीन सुरू होतं. लाख लोक खेळत असताना त्या नकाशाला जी धग असते, ती प्रकाशनाआधी मोजक्या समीक्षकांना कशी जाणवणार? त्यांनी लिहिलं ते नकाशाच्या कल्पनेबद्दल. उलटही होतं. पुढे विकत घ्यायच्या हत्यारांची पाकिटं एकामागून एक आली, त्याबद्दल खेळाडू कुरकुरले. पण पहिल्या आठवड्याच्या परीक्षणांत ती कुरकुर असायचं कारण नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात गेम पीसीवर आला, आणि तिथे मेटाक्रिटिकपेक्षा अगदी निराळं माप वाट बघत होतं.

स्टीम या पीसी-गेम्सच्या ऑनलाइन दुकानात 2013 च्या अखेरीपासून ग्राहकांना परीक्षण लिहिता येतं. तिथे गुण नाहीत. अंगठा वर किंवा अंगठा खाली, बस्स. मग किती टक्के अंगठे वर, यावरून शेरा ठरतो. 80 टक्क्यांच्या पुढे 'बराच अनुकूल', आणि परीक्षणं 500 च्या वर असून 95 टक्के अनुकूल असतील तर सगळ्यात वरचा शेरा. 40 ते 69 म्हणजे 'संमिश्र'.

इथे भल्याभल्यांची गल्लत होते. स्टीमवरचे 83 टक्के आणि मेटाक्रिटिकचे 83 गुण यांचा एकमेकांशी संबंध नाही. मेटाक्रिटिक विचारतं, 'किती आवडला?' स्टीम विचारतं, 'घ्या म्हणाल का?' समजा शंभर लोकांना एखादा गेम ठीकठाक वाटला आणि सगळे म्हणाले, घ्यायला हरकत नाही. तर स्टीमवर 100 टक्के, आणि त्याच लोकांनी गुण दिले असते तर सरासरी कदाचित 65. याउलट एखादा गेम निम्म्यांना वेड लावतो आणि निम्म्यांना नकोसा होतो. मेटाक्रिटिकवर तो सत्तरीत दिसेल आणि स्टीमवर थेट 50. भिडूवर अवलंबून असलेले गेम नेमके या दुसऱ्या प्रकारात पडायचा धोका जास्त.

स्टीमच्या मापाला आणखी एक खोड आहे: ते ताजं असतं, त्यामुळे तापतंही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच घराण्यातलं आहे. 8 फेब्रुवारी 2024 रोजी 'हेलडायव्हर्स 2' आला. कॅमेरा वरून खाली उतरून सैनिकाच्या पाठीमागे आला, बाकी बहुतेक सगळं तेच: कळा तशाच, भिडूची गोळी तशीच, टिंगल आणखी धारदार. स्टीमवर एका वेळी साडेचार लाखांहून जास्त लोक खेळत होते. सर्व्हर पुरेनात, लोक रांगेत ताटकळले, तरी ओढ कमी होईना. 12 आठवड्यांत 1 कोटी 20 लाख प्रती विकल्या गेल्याचं सोनीने जाहीर केलं.

मग मे महिन्याच्या सुरुवातीला सोनीने सांगितलं की पीसीवर खेळणाऱ्यांनाही प्लेस्टेशनचं खातं जोडावं लागेल. ही अट आधीपासून लिहिलेली होती, पण सर्व्हरच्या गोंधळात ती बाजूला ठेवली होती. अडचण अशी की फिलिपिन्स, लाटव्हिया, लिथुएनिया, एस्टोनिया यांसारख्या कितीतरी देशांत तेव्हा प्लेस्टेशनची ती सेवाच नव्हती. पैसे मोजून घेतलेला गेम हातातून जाणार. भारतात सेवा आहे, त्यामुळे इथल्या खेळाडूंचं अडलं नसतं, पण सोबतचा भिडू मनिलाचा असेल तर टोळी मोडणारच होती. दोन-तीन दिवसांत स्टीमवर 2 लाखांहून जास्त प्रतिकूल परीक्षणं पडली. गेम दीडशेहून जास्त देशांतल्या विक्रीतून काढला गेला. 6 मे रोजी सोनीने निर्णय मागे घेतला, आणि खेळाडूंनी मोठ्या संख्येने आपले अंगठे पुन्हा वर केले. पुढे ॲरोहेडने त्या पडझडीचा आलेखच एका सैनिकी झग्यावर नक्षी म्हणून काढून गेममध्ये दिला. हे त्यांच्या स्वभावाला धरून झालं.

या सगळ्या काळात गेम बदलला होता का? एक ओळही नाही. जे मूल्यमापन झालं ते विक्रीच्या अटीचं. अशा वेळी पडलेल्या परीक्षणांना 'रिव्ह्यू बॉम्बिंग' म्हणायची पद्धत आहे, आणि त्यात एक नाक मुरडणं असतं. स्टीमने 2017 पासून परीक्षणांचा काळानुसार आलेख दाखवायला सुरुवात केली, 2019 पासून विषयबाह्य ठरलेली लाट शेऱ्यातून वगळायची सोय केली, ती याच कारणासाठी. पण मिळून खेळायच्या गेमात कोणाला आत घेतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, हा विषयबाह्य मुद्दा कसा म्हणणार? भिडूच नाही तर गेम कुठला? माझ्या मते ती 2 लाख परीक्षणं गेमबद्दलचीच होती, फक्त बंदुका आणि किड्यांबद्दलची नव्हती.

जाता जाता तिसरा एक नमुना, कारण तिथे समीक्षा दुसऱ्याच बाजूला घसरली. जुलै 2021 मध्ये 'द असेंट' आला. हाही स्वीडनचाच, निऑन जायंट नावाच्या स्टुडिओचा. काम करणारी माणसं जेमतेम डझनभर. वरचा कॅमेरा, चौघांची सोय, आणि निऑन दिव्यांनी लखलखणारं बहुमजली शहर. वरून बघायच्या गेममध्ये इतकं देखणं शहर क्वचितच झालं असेल. परीक्षणांत कौतुक झालं ते मुख्यतः त्या दिसण्याचं, आणि तक्रारी झाल्या त्या तांत्रिक चुकांच्या, मिळून खेळताना येणाऱ्या अडचणींच्या. पीसीवर तर दोन दुकानांतल्या दोन आवृत्त्या सारख्या नव्हत्या. मायक्रोसॉफ्टच्या दुकानातल्या आवृत्तीत सुरुवातीला प्रकाशाचे काही खास परिणाम चालतच नव्हते, जे स्टीमवर चालत होते. म्हणजे दोन समीक्षक एकाच नावाचे दोन वेगळे गेम खेळून आपापलं मत देत होते. भिडूंचं नातं इथे तितकं चर्चेत आलं नाही, कारण गेमच्या नियमांनाच त्याची फारशी गरज नव्हती. चौघं शेजारी उभे राहून आपापले शत्रू मारतात. एकट्याने खेळलं तरी फारसं बिघडत नाही. त्यामुळे त्याची परीक्षणं एकमेकांशी जास्त जुळतात, आणि मला ती वाचायला थोडी कमी मजेची वाटतात.

असं परीक्षण हाती आलं की मी आकडा सोडून तीन गोष्टी शोधतो. लेखक कोणासोबत खेळला? मेल्यावर काय होतं, म्हणजे मरण स्वस्त आहे की महाग? आणि लेख प्रकाशनाच्या आधीचा आहे की महिन्याभरानंतरचा? या तिन्हींची उत्तरं सापडली तर लेखकाने गेमला नावं ठेवली असली तरी तो आपल्याला आवडेल की नाही हे बऱ्यापैकी कळतं. 'अनोळखी लोकांनी मला सारखं मारलं, शेवटी बंद केला' असं कोणी चिडून लिहिलेलं असतं, आणि तीन पक्के मित्र असलेल्या वाचकाला ती ओळ जाहिरातीसारखी वाटते.

'हेलडायव्हर्स 2' गाजल्यावर बरेच नवे खेळाडू उत्सुकतेने पहिल्या भागाकडे वळले. त्यांच्यासाठी खरेदीपूर्वीची माहिती इतकीच: पहिल्या भागात एकाच टीव्हीसमोर चार कंट्रोलर घेऊन चौघांना खेळता येतं, दुसऱ्या भागात ती सोय नाही. मित्र एकाच खोलीत जमणार असतील तर जुनाच घ्या, आणि आधी सगळ्यांना ती पाच बटणं पाठ करायला लावा: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर.